लिटरमागे की मैलामागे? रस्त्याच्या कराची कुळकथा

१/ मागील उन्हाळ्यात शिरड शहापूरला, आमच्या घराच्या ओसरीवर, एक छोटासा वाद झाला. काका वसमतच्या मोंढ्यावर हळद घालून नुकतेच परतले होते. चुलतभावाने घेतलेली विजेवरची स्कूटर अंगणात उभी होती. तिच्याकडे पाहत काका म्हणाले, "तुही गाडी रस्त्यावर पळती अन् रस्त्याचा कर देईना. माहं इंजिन हिरीवर उभंय, ते देतंय." सगळे हसले. मी मात्र वही उघडली, कारण या एका वाक्यात करव्यवस्थेचा सुमारे शंभर वर्षांचा पेच सामावलेला आहे. आजचा धागा त्या पेचाविषयी.

२/ काकांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. डिझेलच्या प्रत्येक लिटरवर केंद्र सरकारचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर असतो. ते डिझेल विहिरीवरच्या इंजिनात जळो, नांगरटीच्या ट्रॅक्टरमध्ये जळो वा ट्रकमध्ये. उपकर सुटत नाही. उलट विजेवरची गाडी रोज रस्ता वापरते, पण इंधनच घेत नसल्याने हा उपकर तिच्या वाट्याला येत नाही. म्हणून जगभर एक प्रस्ताव चर्चेत आहे: इंधनावरील कर कमी करत न्यावा आणि वाहन जितके किलोमीटर धावेल तितका आकार घ्यावा. हा विचार नवा वाटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो तसा वाटत नाही.

३/ प्रथम गावाचा परिचय. शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील गाव. भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे ते दूरवर ठाऊक आहे. एका बाजूस औंढ्याचे ज्योतिर्लिंग, दुसऱ्या बाजूस वसमतची हळदीची बाजारपेठ. यात्रेकरू आणि माल, रस्त्याचे हे दोन्ही जुने प्रवासी आमच्या गावाला परिचित आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा होऊन.

४/ आता मागे जाऊ. कौटिलीय अर्थशास्त्रात सीमेवरील अधिकाऱ्याला 'अंतपाल' म्हटले आहे. त्याने रस्त्यासाठी 'वर्तनी' नावाचा कर घ्यावा, असा नियम आहे. दरही दिले आहेत: मालाच्या वाहनामागे सव्वा पण, एकखुरी जनावरामागे (म्हणजे घोडा, गाढव इत्यादींमागे) एक पण, गुरामागे अर्धा पण, लहान जनावरामागे पाव पण आणि खांद्यावरच्या ओझ्यामागे एक माष. रस्त्यावर जितका भार, तितका आकार, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. पायी चालणाऱ्या ओझेवाल्याचा दर सर्वांत कमी ठेवण्याचे भानही दिसते.

५/ परंतु या नियमाचा खरा गाभा पुढच्या तरतुदीत आहे. वाटेत व्यापाऱ्याचे जे हरवेल वा चोरीस जाईल, त्याची भरपाई अंतपालाने करावी, असे तेथे सांगितले आहे. ज्याने रस्त्याचे पैसे घेतले, त्याने रस्त्याची हमी दिली. अर्थशास्त्राच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि हे नियम प्रत्यक्षात किती पाळले गेले, हा वेगळा प्रश्न आहे. तरीही कर आणि सेवा यांच्यातील हा करार लक्षात ठेवा. या धाग्याच्या शेवटी आपल्याला त्याच्याकडेच परतायचे आहे.

६/ येथे अनेकांना नाणेघाटातील दगडी रांजण आठवेल. सातवाहनकाळी कोकणातून जुन्नरकडे चढणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी परंपरा आहे. तेथील प्रसिद्ध शिलालेख राणी नागनिकेशी जोडला जातो. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी व नाण्यांची लांबलचक यादी आहे. जकातीच्या रांजणाचा उल्लेख मात्र नाही. रांजण आहे, घाट आहे, व्यापारही होता. तेव्हा परंपरा संभाव्य म्हणता येते, सिद्ध म्हणता येत नाही. हा भेद जपणे हेच आपल्या विषयाचे पहिले व्रत.

७/ मराठेशाहीत जकात केवळ रस्त्याचे भाडे नव्हती. ती धोरणाचे शस्त्रही होती. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीविषयी पत्र लिहिले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडून स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडू नये, म्हणून त्यावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय. रस्त्यावर घेतलेला पैसा रस्त्यासाठीच असतो, असे गृहीत धरू नये, हे येथे कळते. नाका एकच असला तरी त्यामागचे हेतू अनेक असतात.

८/ पेशवाईत मालावरील जकातीचे वेगवेगळे प्रकार होते. माल जेथे भरला तेथे 'थळभरीत', जेथे उतरून विकला तेथे 'थळमोड', शिवाय छापा मारण्याचा आकार. प्रदेशागणिक जकातदार वेगळे आणि जकात बहुधा मक्त्याने दिलेली. लांबच्या व्यापाऱ्याला ठिकठिकाणी थांबून, तपासणी करून घेऊन, घासाघीस करून पुढे जावे लागे. लमाणांच्या तांड्यावर शेकडो बैल असत. बैल थांबला की चारा-पाण्याचा खर्च सुरू. म्हणजे जकातीची रक्कम हा खर्चाचा एक भाग झाला. वाया जाणारा वेळ हा दुसरा.

९/ या अडचणीवर त्या समाजाने जो उपाय काढला, तो वाचून मला विलक्षण आनंद झाला होता. मोठ्या गावांत 'हुंडेकरी' नावाचे लोक असत. व्यापाऱ्याकडून एकरकमी पैसे घेऊन ते त्याचा माल सर्व नाक्यांवरून सुखरूप पार करवीत आणि जकातदारांशी हिशेब स्वतः मिटवीत. आज गाडीच्या काचेवर चिकटवलेला फास्टॅग दुसरे काय करतो? पैसे आधी एका ठिकाणी जमा, नाक्यावर थांबणे नाही, हिशेब मागाहून. हुंडेकरी हे आडनाव आजही महाराष्ट्रात आढळते. ते भेटले तर त्यांच्या पूर्वजांना मनोमन नमस्कार करावा.

१०/ कंपनी सरकारला ही नाक्यांची जाळी व्यापाराच्या मार्गातील काटा वाटली. बंगालमधील अंतर्गत वाहतूक जकात १८३६ मध्ये आणि मुंबई इलाख्यातील १८३८ मध्ये रद्द झाली. पण रस्त्यावरचा पैसा गेला नाही. त्याचे रूप पालटले. १८५१ च्या कायद्याने सरकारी खर्चाने बांधलेल्या व दुरुस्त केलेल्या रस्त्यांवर आणि पुलांवर पथकर घेण्याची तरतूद झाली. मुंबई इलाख्यासाठी १८७५ मध्ये पथकराचा स्वतंत्र कायदा आला. फरक मूलभूत होता: जकात मालावर होती, पथकर रस्त्याच्या वापरावर. 'टोल' या शब्दाभोवतीची आपली आजची भांडणे या कायद्यांच्या वंशातली.

११/ आमच्याकडे, निजामाच्या राज्यात, चित्र वेगळे राहिले. संस्थानाच्या सरहद्दीवर 'करोडगिरी'ची नाकी होती. हे सीमाशुल्काचे खाते. पलीकडे इंग्रजी मुलूख, अलीकडे मोगलाई, आणि मधे नाका. मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात करोडगिरी हा शब्द अजून ऐकू येतो. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरील कार्यकर्त्यांनी करोडगिरी नाक्यांवर हल्ले केले, नाकी जाळली. अन्यायी सत्तेचे सर्वांत जवळचे, हाताने स्पर्श करता येईल असे रूप म्हणजे नाका. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

१२/ याच संस्थानाने एक आधुनिक पाऊलही उचलले होते. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. देशातील सरकारी प्रवासी वाहतुकीच्या आरंभीच्या प्रयोगांत तिचे स्थान आहे. म्हणजे १९३० च्या सुमारास संस्थानात बैलगाडी, करोडगिरीचा नाका आणि पेट्रोलवर धावणारी बस एकत्र नांदत होती. नेमक्या याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानात एक मराठी माणूस पेट्रोलवरच्या कराचा विचार करत होता.

१३/ पुणे विद्यापीठात शिकलेल्या प्रत्येकाला 'जयकर' हे नाव ग्रंथालयामुळे ठाऊक असते. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर (१८७३–१९५९), पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. पण आपण पंपावर जे पैसे मोजतो, त्यातील एका भागाच्या उगमाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९२७ मध्ये भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली आणि जयकर तिचे अध्यक्ष झाले. समितीचा अहवाल १९२८ मध्ये आला. इतिहासात ती जयकर समिती म्हणूनच ओळखली जाते.

१४/ समितीपुढचा प्रश्न असा होता. १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला होता आणि प्रांतांनी त्यातील बराच भार स्थानिक संस्थांवर सोडला होता. मोटारी वाढत होत्या. बैलगाडीसाठी केलेले रस्ते त्यांच्या वेगाखाली उखडत होते. जिल्ह्याच्या तिजोरीत पैसा नव्हता आणि मोटार मात्र जिल्ह्याची हद्द मानत नव्हती. रस्त्यांचा विकास आता प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर चालला आहे आणि तो राष्ट्रीय हिताचा विषय बनत आहे, असा निष्कर्ष समितीने काढला. मग पैसा कोणाकडून घ्यावा? जो रस्ता झिजवतो त्याच्याकडून.

१५/ उपाय ठरला पेट्रोलवरील जादा शुल्काचा: गॅलनमागे दोन आणे. मार्च १९२९ मध्ये पेट्रोलवरील शुल्क चार आण्यांवरून सहा आण्यांवर गेले आणि वाढीव दोन आण्यांतून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आता एक हिशेब करू. एखादी बस गॅलनमागे दहा मैल जाते असे समजा. दोन आणे म्हणजे चोवीस पै. म्हणजेच मैलामागे सुमारे अडीच पै. कर गॅलनवर लिहिलेला होता, पण मोजत होता मैल. भारतातील पहिला देशव्यापी 'मैलामागे आकार' हा असा पेट्रोलच्या वेषात आला.

१६/ मग थेट मैलच का मोजले नाहीत? कारण मैल मोजायला प्रत्येक गाडीपर्यंत पोहोचावे लागते. पेट्रोल मात्र मोजक्या कंपन्यांमार्फत, मोजक्या बंदरांतून व कारखान्यांतून येत होते. तेथेच कर घेतला की काम झाले: देशभर नाकी नकोत, शिपाई नकोत, चुकवाचुकवी जवळजवळ नाही. आणि एक राजकीय सोय, जिच्याविषयी अहवालांत फारसे लिहिले जात नाही: जो कर वस्तूच्या किमतीत विरघळतो, त्याचा नाका कोणी जाळू शकत नाही. पेट्रोलवरचा कर टिकला, त्यामागे त्याच्या न्याय्यतेइतकेच त्याचे अदृश्य असणेही आहे.

१७/ मात्र या योजनेत एक वाकडेपणा होता. निधीची वाटणी मुख्यतः पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात होत असे. वरवर पाहता न्याय्य: ज्याने दिले त्याला मिळाले. पण जेथे रस्ते नव्हते तेथे मोटारी नव्हत्या. मोटारी नव्हत्या म्हणून पेट्रोल खपत नव्हते. पेट्रोल खपत नव्हते म्हणून निधी कमी, आणि निधी कमी म्हणून रस्ते नाहीत. मागास प्रदेशाला 'तुम्ही वापर कमी करता, म्हणून तुम्हाला कमी' असे सांगणाऱ्या प्रत्येक सूत्रात हे चक्र लपलेले असते.

१८/ हे चक्र भेदण्याचा विचार १९४३ मध्ये नागपुरात झाला. देशभरातील मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने जी वीस वर्षांची योजना आखली, ती 'नागपूर योजना' म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही आपली आजची वर्गवारी तिच्यातूनच आली. महत्त्वाचे म्हणजे तिने रस्त्याची गरज पेट्रोलच्या खपावरून ठरवली नाही. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, असे उद्दिष्ट तिने ठेवले. रस्ता हा वापरणाऱ्याने विकत घेण्याचा माल की नागरिकाचा हक्क? १९२९ चे उत्तर आणि १९४३ चे उत्तर एकच नाही.

१९/ रस्त्यासाठी घेतलेले पैसे रस्त्यावरच जातील, ही हमी कोठेच फार काळ टिकलेली नाही. ब्रिटनमध्ये वाहनकरातून उभा राहिलेला रोड फंड होता. १९२० च्या दशकात अर्थमंत्री असलेल्या विन्स्टन चर्चिल यांनी त्यातील पैसा सर्वसाधारण तिजोरीत वळवला. आपल्याकडेही २०१५ मध्ये मराठवाडा दुष्काळाने होरपळत असताना राज्य सरकारने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा दुष्काळी अधिभार लावला. हेतूविषयी तक्रार नाही. आम्हीच त्या दुष्काळात होतो. पण पंप हे राज्यकर्त्यांचे सर्वांत सोपे वसुली केंद्र बनले आहे, हे त्यातून दिसते.

२०/ आता एक फारसे लक्षात न येणारे पान. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. १९५८ च्या कायद्यानुसार प्रवासी भाड्यावर प्रवासी कर घेतला जाऊ लागला आणि तो भाड्याच्या टक्केवारीत आहे. टप्पे वाढले की भाडे वाढते. भाडे वाढले की कर वाढतो. म्हणजे शिरडहून परभणीला दवाखान्यात जाणारी, स्वतःचे कोणतेही वाहन नसलेली बाई दशकानुदशके अंतरावर आधारलेला कर भरत आली आहे. किलोमीटरमागे कराची चर्चा आज मोटारवाल्यांसाठी नवी असेल. एसटीच्या प्रवाशासाठी ती तिकिटावर छापलेली जुनीच गोष्ट आहे.

२१/ न्यायालयांतही हा प्रश्न गाजला. संविधानाच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापाराला मुक्त संचार दिला. मग वाहनांवरचा कर हा त्या संचारावरचा निर्बंध नव्हे काय? १९६२ मध्ये राजस्थानच्या मोटार वाहतूकदारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'भरपाईस्वरूप कर' ही कल्पना मांडली: रस्त्याच्या वापराचा मोबदला म्हणून घेतलेला कर हा अडथळा नव्हे. पुढे २०१६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा सिद्धांत बाजूला सारला. कायद्याच्या दृष्टीने तो आता उरला नाही, पण त्यामागची नैतिक अपेक्षा, घेतलेत तर परत द्या, ही लोकांच्या मनातून गेलेली नाही.

२२/ १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरमागे एक रुपया असा उपकर लागला आणि २००० च्या कायद्याने केंद्रीय रस्ते निधीला वैधानिक रूप मिळाले. या कायद्यात डिझेलच्या उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी राखलेला होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. म्हणजे काकांच्या इंजिनाने जो रुपया दिला, त्यातील काही पैसे कोणत्यातरी वाडी-तांड्याच्या डांबरात गेले. २०१८ मध्ये उपकर लिटरमागे आठ रुपये झाला. पण निधीच्या नावात 'पायाभूत सुविधा' हे शब्द आले आणि वाटेकरी वाढले.

२३/ दरम्यान टोल परतला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि नाका पुन्हा आपल्या जीवनात आला. मागोमाग जुना रागही आला. कोल्हापूरकरांनी शहरातील रस्त्यांच्या टोलविरुद्ध दीर्घ लढा देऊन तो रद्द करवला. २०१५ मध्ये राज्याने १२ नाकी बंद केली आणि ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. याच काळात पंपावर त्याहून कितीतरी अधिक कर निमूटपणे भरला जात होता. दिसणारा कर बोचतो. न दिसणारा पचतो.

२४/ मग आता ही जुनी सोय मोडते आहे ती का? कारण लिटर आणि मैल यांची फारकत झाली. समजा इंधनावर लिटरमागे ४० रुपये कर आहे. लिटरला ५० किलोमीटर जाणारी दुचाकी किलोमीटरमागे ८० पैसे देते. लिटरला १० किलोमीटर जाणारी जुनी जीप ४ रुपये देते. विजेवरची महागडी मोटार शून्य देते. जुनी जीप कोणाकडे असते आणि नवी विजेची मोटार कोणाकडे, हे सांगायला नको. म्हणजे जो कर 'वापरेल तो देईल' या न्यायाने जन्मला, तो हळूहळू 'नवे घेऊ शकत नाही तो देईल' असा होत चालला आहे.

२५/ दुसरी फारकत वजनाची. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात एक मोठी रस्ते चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा: आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी सोळापटीच्या आसपास जाते. इंधनाचा खप मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे लिटरवरचा कर रस्ता मोडणाऱ्याला नीट ओळखतच नाही. अर्थशास्त्रातील अंतपाल बैल, घोडा आणि खांद्यावरचे ओझे वेगवेगळे मोजत होता. भार पाहून दर ठरवण्याची त्याची दृष्टी आपल्या पंपापेक्षा अधिक सूक्ष्म होती, असे म्हणावे लागते.

२६/ जगात काय झाले? अमेरिकेच्या ओरेगन राज्याने १९१९ मध्ये गॅलनमागे एक सेंट असा कर लावून या प्रथेचा पाया घातला. त्याच ओरेगनने २०१५ मध्ये स्वेच्छेने सामील होणाऱ्या वाहनांसाठी मैलामागे आकाराची योजना सुरू केली. न्यूझीलंडने तर १९७८ पासूनच डिझेल वाहनांकडून किलोमीटरवर आकार घ्यायला सुरुवात केली. कारण ऐका: डिझेलचा मोठा भाग शेतात आणि रस्त्याबाहेरच वापरला जातो. काकांच्या ओसरीवरचा मुद्दा तेथे धोरण झाला! एप्रिल २०२४ पासून तेथील विजेवरच्या गाड्याही त्या कक्षेत आल्या. आइसलँडनेही २०२४ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी तोच मार्ग धरला.

२७/ आणि आपण? समृद्धी महामार्ग (७०१ किलोमीटर) हा किलोमीटरवर आकार घेणारा आपला सर्वांत मोठा अनुभव. हलक्या वाहनांसाठी आरंभी किलोमीटरमागे १.७३ रुपये असलेला दर एप्रिल २०२५ मध्ये २.०६ रुपये झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलून उपग्रहाधारित आकारणीची वाट मोकळी केली. तिच्यात पहिल्या २० किलोमीटरना सूट आहे. तर ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास आला, जो अंतर मोजतच नाही. त्याच महिन्यात समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोलमाफीही मिळाली. एकाच महिन्यात दोन्ही दिशांना पावले.

२८/ आता शिरडचा प्रश्न. किलोमीटरवर आकार आला तर विहिरीवरचे इंजिन सुटेल, हे खरे. पण शहरातल्या माणसाला दवाखाना, महाविद्यालय, बाजार जवळ असतात. आम्हाला त्यासाठी वसमत, हिंगोली, परभणी, नांदेड गाठावे लागते. आमचे किलोमीटर हौसेचे नाहीत. दुसरे असे की, महामार्गावर जमा झालेला पैसा महामार्गाकडेच राहिला आणि इंधनाचा उपकर आटला, तर ग्रामरस्त्याला पैसा कोठून येणार? १९२९ च्या वाटणीतले चक्र पुन्हा सुरू होऊ शकते: जेथे गाड्या जास्त तेथे निधी, जेथे निधी तेथे रस्ते.

२९/ तिसरा प्रश्न नजरेचा. पेट्रोलवरच्या कराला तुम्ही कोठे गेलात याच्याशी देणेघेणे नव्हते. उपग्रह मात्र प्रत्येक वळण पाहतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तेव्हा किलोमीटर मोजण्याची पद्धत त्या हक्काशी सुसंगत असावी लागेल. ते अशक्य नाही. न्यूझीलंडमध्ये गाडीतील अंतरमापकाच्या आकड्यावरही काम चालते. किती गेलात हे सांगावे लागते. कोठे गेलात हे नाही. करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागलेल्या लोकांच्या नातवंडांना हा फरक कळायला हरकत नाही.

३०/ माझे मत मांडतो. मतभेद अवश्य नोंदवा. अंतर आणि भार यांवर आधारलेला आकार तत्त्वतः इंधनावरच्या करापेक्षा न्याय्य आहे. पण तो तीन अटींवर. दर ठरवताना आसावरचा भार मोजावा. दुचाकी, एसटी आणि गावाकडची अटळ धाव यांना सवलत असावी. आणि ग्रामरस्त्यांचा वाटा २००० च्या कायद्यासारखा लिहून राखलेला असावा, नुसता आश्वासनात नव्हे. या अटी नसतील तर पंपावरचा जुना, आंधळा कर मला अजूनही बरा वाटतो. तो आंधळा आहे, पण निदान त्याचा निम्मा रुपया तांड्यापर्यंत पोहोचावा, असे कोणीतरी एकदा कायद्यात लिहिले होते.

३१/ सुट्टी संपवून निघताना मी काकांना अंतपालाची गोष्ट सांगितली: कर घेणाऱ्याने वाटेत हरवलेल्या मालाची भरपाई द्यायची. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग पावसाळ्यात खड्ड्यात कलंडलेल्या आपल्या टेम्पोची आणि भिजून डागाळलेल्या हळदीच्या पोत्यांची आठवण काढून त्यांनी विचारले, "मग ते कोणाला मागायचं?" मला उत्तर देता आले नाही. लिटरमागे असो वा मैलामागे, कर बदलण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या तरी नावावर लिहिले गेले पाहिजे. आपापल्या गावच्या जुन्या नाक्यांच्या, जकातीच्या, करोडगिरीच्या आठवणी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. धागा येथे थांबवतो.